गोळ्या बंद ठेवून तपासणी? हा सल्ला आधी मागे घ्या

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या आरोग्य पुरवणीतला एचआयव्हीच्या औषध-प्रतिरोधावरचा (विषाणूने औषधाला दाद न देणे, म्हणजेच रेझिस्टन्स) लेख वाचला. अर्धे पान अडवणारे सुईचे छायाचित्र (या गोळ्या तोंडाने घेतात, हे छायाचित्र निवडणाऱ्याला कुणी सांगितले नसावे) एक वेळ सोडून देऊ. पण उपचार लागू पडेनासे झाले तर ‘तीन-चार आठवडे गोळ्या थांबवून, शरीर औषधमुक्त झाल्यावर’ रेझिस्टन्सची तपासणी करावी, म्हणजे विषाणूचे ‘खरे रूप’ दिसेल, हा चौथ्या परिच्छेदातला सल्ला सोडून देण्यासारखा नाही. वाचणाऱ्या हजारांपैकी एकाने जरी तो मनावर घेतला, तरी निस्तरायला वर्षे जातील.

ही तपासणी रुग्ण गोळ्या घेत असतानाच करायची असते. फार तर बंद केल्यापासून चार आठवड्यांच्या आत. रक्तात औषध असते तोवर बदललेला विषाणू वरचढ असतो. औषध थांबले की त्याचा फायदा संपतो आणि मूळ विषाणू, जो मुळातच जोमाने वाढतो, काही आठवड्यांत त्याला मागे टाकतो. लॅमिव्ह्युडिन या एचआयव्हीवरच्या औषधाला चकवणारे एम१८४व्ही हे म्यूटेशन (विषाणूच्या जनुकातला बदल) असेच भराभर दिसेनासे होते. नेहमीच्या जनुक-वाचनात नमुन्यातल्या साधारण पाचव्या हिश्शाहून कमी असलेला विषाणू नजरेत येत नाही. म्हणजे रिपोर्ट येणार ‘म्यूटेशन आढळले नाही’. रुग्ण खूश, डॉक्टर निर्धास्त, तीच औषधे पुन्हा सुरू. सीडी४ पेशींत (हा विषाणू ज्यांत शिरतो त्या पांढऱ्या रक्तपेशी) दडी मारून बसलेला बदललेला विषाणू मग पुन्हा डोके वर काढतो. आपल्या लेखकांच्या ‘खऱ्या रूपा’चे दर्शन ते हे!

शिवाय टीएलडी या तीन औषधांच्या (टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्रॅव्हिर) एकत्रित गोळीतली पहिली दोन औषधे हिपॅटायटिस बी वरही काम करतात. ज्याला दोन्ही संसर्ग आहेत, त्याने गोळ्या अचानक सोडल्या तर यकृताला अशी सूज येऊ शकते की जिवावर बेतावे. याचा लेखात उल्लेखही नाही.

आता मथळ्याकडे. ‘डोल्युटेग्रॅव्हिरही निष्प्रभ, पाचवा हिस्सा रुग्ण धोक्यात’. हा आकडा कुठून उचलला ते ओळखू येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्च २०२४ च्या अहवालात, हे औषध घेऊनही ज्यांच्यात विषाणू दबलेला नाही अशा रुग्णांमध्ये प्रतिरोधाचे प्रमाण ३.९ ते ८.६ टक्के दिले आहे. १९.६ टक्के हा आकडा आधीच्या औषधांवर व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) चढलेला असतानाच डोल्युटेग्रॅव्हिरवर आणलेल्यांचा आहे. सरसकट सगळ्या रुग्णांचा नव्हे! पहिल्या आकड्याचा अर्थ उलट बाजूने वाचा: लोड वाढलेल्यांतल्या दहापैकी नऊहून अधिक जणांवर हे औषध अजून चालते, ते पोटात नीट पोहोचले पाहिजे इतकेच.

ते का पोहोचत नाही, यावर लेखकाचे एकच उत्तर: रुग्णांची बेशिस्त. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! लोड (मिलिलिटरभर रक्तद्रवात विषाणूच्या प्रती) १००० च्या वर आला की आधी तीन महिने समुपदेशन, गोळ्यांची मोजणी आणि मग पुन्हा व्हायरल लोड, हा क्रम उगाच ठरवलेला नाही. महिन्याच्या तीस गोळ्यांपैकी दोन चुकल्या तरी नियमितपणा ९५ टक्क्यांच्या खाली जातो. पण एकही न चुकवता लोड चढलेले रुग्णही असतात. कुणी अशक्तपणासाठी लोहाची गोळी किंवा कॅल्शियम टीएलडीसोबत उपाशीपोटी घेतो. हे धातू डोल्युटेग्रॅव्हिरला आतड्यातच धरून ठेवतात. पित्तावरची अँटासिडची पातळ औषधेही तेच करतात. डोल्युटेग्रॅव्हिर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे. लोह-कॅल्शियम भरल्या पोटी घेतले तर सोबत चालते. क्षयाचे रिफाम्पिसिन चालू असेल तर बारा तासांनी डोल्युटेग्रॅव्हिरची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी लागते, आणि ती रिफाम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायची असते. ती लिहायची राहिली तर बेशिस्त कुणाची?

आणि २०२२ चा जुलै आपले वृत्तपत्र विसरले का? औषधांचा तुटवडा झाला म्हणून रुग्ण दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या दारात ठाण मांडून बसले होते. महिन्याची डबी मिळण्याऐवजी हातावर चार-आठ दिवसांच्या गोळ्या टेकवायच्या आणि वर नियमितपणाचे धडे द्यायचे! ज्याचा रोज बुडाला, तो तिसऱ्या खेपेला येईलच असे नाही. ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याच्या हाती तर दोन-तीन महिन्यांचा साठा एकदम हवा. डोल्युटेग्रॅव्हिरच्या आधी दिल्या जाणाऱ्या एफाव्हिरेन्झच्या काळात असा खंड आणखी घातक होता. ते रक्तात आठवडा-दोन आठवडे रेंगाळते, जोडीची औषधे त्याआधीच उतरतात आणि विषाणूची गाठ एकट्या औषधाशी पडते. एफाव्हिरेन्झला चकवणारे के१०३एन हे म्यूटेशन अशाच खंडांतून पोसले गेले.

तपासणीची वेळ आलीच, तर छापायला हव्या होत्या त्या गोष्टी वेगळ्या आहेत. लोड १००० च्या वर नसेल तर बहुधा जनुक वाचताच येत नाही, पैसे आणि नमुना दोन्ही वाया. रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घ्यावे, प्लाझ्मा काही तासांत वेगळा करून गोठवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे: नेहमीच्या रिपोर्टमध्ये पुष्कळदा विषाणूच्या जनुकांचे प्रोटीएज आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे दोनच भाग असतात. टीएलडीवरच्या रुग्णाचा इंटिग्रेज भाग, ज्यावर डोल्युटेग्रॅव्हिर काम करते, तो वेगळा मागून घ्यावा लागतो. नाहीतर ज्या औषधाचा संशय, तेच सोडून बाकीच्यांचा रिपोर्ट हातात येतो. त्यात एम१८४व्ही दिसले म्हणून घाबरून लॅमिव्ह्युडिन काढण्याचीही घाई नको. त्या बदलाने विषाणू दुबळा होतो आणि टेनोफोव्हिरला जास्त दाद देतो, म्हणून ते पुष्कळदा मुद्दाम चालू ठेवतात.

जाता जाता, याच लेखासमोरच्या पानावर ‘एड्स मुळापासून बरा, हमखास’ अशी चूर्णाची जाहिरात होती. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्ये, ज्या रोगांवर बरे करण्याचा दावा करता येत नाही त्या यादीत, पहिलेच नाव एड्सचे आहे. जाहिरात विभागाला ते ठाऊक नसेल तर संपादक विभागाने सांगावे. अशा चूर्णात लोह किंवा चुनखडी असली तर वर लिहिलेला घोळ आणखी वाढणार, ते वेगळेच.

दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी; आतल्या पानावरच्या निविदांच्या शेजारी नको. लेख वाचून कुणी गोळ्या थांबवल्या असतील तर त्यांनी पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच आपल्या एआरटी केंद्रात (जिथे एचआयव्हीची औषधे मिळतात) जावे, आणि कोणत्या दिवसापासून बंद केल्या ते तिथे न लपवता सांगावे. तपासणीच्या अर्जावर ती तारीख लिहावी लागते.

आपला,
एक वाचक, मिरज
(नाव छापू नये)