माझी वीस मिनिटं

प्रिय बंड्या,

होळीपासून तुला एक ओळ नाही, हे रोज टोचून राहिलं होतं. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर ठीक.

माझी बदली झाली. घराजवळच्या शाखेत, पायी सात मिनिटं. घरी पेढे वाटले आणि मी रात्रभर जागा. हे दुसऱ्या कोणाला सांगू?

२०२० मध्ये आपल्या नागपुरातला हा मेट्रोमार्ग सुरू झाला तेव्हाच ऑफिसला जायला स्कूटर सोडली, पण लिहायला वही काढली ती गेल्या नोव्हेंबरात. लोकमान्य नगरला बसायला जागा मिळते. अंबाझरीचं पाणी दिसेपर्यंत कालचं वाचायचं, शंकर नगर येईस्तोवर पान भरतं. झाशी राणी चौकात, जिथं साहित्य संघात तू कविता वाचताना घामानं भिजला होतास, तिथं वाक्य मुद्दाम अर्ध्यावर सोडतो. पुरं करून वही मिटली की दुसऱ्या दिवशी नुसता पेन चावत बसतो. अर्धं असलं की हात आपोआप चालतो. सीताबर्डीला गाडी बदलली की पुढं उभ्यानं, मग लिहिणं नाही. तरी एकशे बारा पानं झाली, बंड्या! ब्रेक लागतो तिथं वेलांटी लांब गेलेली. पान बघून मी स्टेशन सांगतो.

फुटाळा तलावावर तू म्हणाला होतास, "लिहायचंय तर पहाटे चारला उठ बे." त्यावरून आपण दोन महिने बोललो नाही. उठलो होतो मी, आठ दिवस. नळ, कुकर, पोरीचा डबा. तू तेव्हाही चूक होतास, आजही आहेस. वेळ निघतो रे. कोणी हाक मारणार नाही अशी जागा निघत नाही.

रविवारी घरी घड्याळ लावून बसलो. कूलरमध्ये पाणी टाक, दूधवाला आला, पोरीला गणित अडलं. तीन ओळी झाल्या, त्याही खोडल्या. एक जूनपासून रोज हेच होईल, याची मला खरंच भीती वाटते.

एक विचार आहे. शाखा दहाला उघडते. साडेआठला निघून सीताबर्डीपर्यंत जायचं आणि उलट्या दिशेच्या गाडीनं परत. काम काही नाही, फक्त लिहायला. रोजचं दोन्हीकडचं तिकीट पडेल. हिला अजून सांगितलं नाही. पोरीच्या शिकवणीचे पैसे मोजताना तोंड उघडत नाही. तू सांग, हा खर्च मी करावा की नाही? मला धीर देऊ नको, खरं सांग.

पोराच्या दहावीचं काय? घराचं प्लास्टर झालं का? वहिनींना नमस्कार. मे संपायच्या आत उत्तर पाठव, एक तारखेला मला ठरवलेलं असलं पाहिजे.

तुझा,
दिल्या