छज्जे रंगवायच्या आधी

प्रिय शरद,

सप्रेम नमस्कार. तुमच्या इमारतीसाठी रंगाऱ्याचं कोटेशन सोसायटीने मंजूर करायच्या आधी एवढं वाच.

खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, दर मजल्याला गोलाईने वळणारे आडवे पट्टे ही 1930 च्या दशकातल्या मुंबईची ओळख. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचा, वास्तुविशारद गजानन म्हात्रे यांनी रचलेला सूना महाल त्याच घराण्यातला. पट्टे शोभेचे वाटतात, पण ते खिडक्यांवरचे काँक्रीटचे छज्जे आहेत, एका बाजूनेच धरलेले. अशा छज्ज्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. म्हणून वरून पाइपसाठी खाच पाडणं किंवा एसीचं युनिट ठेवणं खालचा पोपडा पडण्याहून वाईट. लोक मात्र पोपड्यालाच घाबरतात.

समुद्राची खारी हवा आणि सळईवर जेमतेम अर्धा-पाऊण इंच काँक्रीट. सळई गंजते, फुगते, काँक्रीट फोडते. त्यावर नुसता गिलावा मारला की दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच.

आधी हातोडीने ठोकून पोकळ आवाजाच्या जागा खडूने आखा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलून दाखवणारं रसायन) टाका: गुलाबी झालं तर सळईला गंजापासून वाचवणारा तिथला अल्कधर्म शाबूत, रंगच आला नाही तर तो गेलेला. मिठाचा पत्ता यातून लागत नाही, त्याची चाचणी वेगळी.

फोडण्याआधी खालून टेकू, आणि छज्ज्याच्या कडेचा लाकडी फर्मा घ्या, नाहीतर ती गोलाई परत येत नाही. सळईमागे 20-25 मिमी मोकळं करा, गंज चकाकीपर्यंत घासा. सळई फारच झिजली असेल तर शेजारी नवी बांधा. जुन्या सळया गुळगुळीत असतात, त्यामुळे जोड व्यासाच्या किमान 50 पट लांब हवा. मग गंजरोधक प्रायमर आणि पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला), पातळ थरांत. सात दिवस पाणी मारा. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी भिंतीकडे न वळता खाली ठिबकावं यासाठीची खाच पुन्हा पाडायला विसरू नका. तीच बुजल्यामुळे भिंती ओल्या होतात.

दुकानांकडे कोणी बघतच नाही. तिथले खांब लॅमिनेटमागे झाकलेले, पाट्यांचे बोल्ट तुळईत, पोटमाळ्याचे लोखंडी गर्डर कुठे टेकलेत कोणाला ठाऊक नाही. निदान एका खांबाचं पॅनल उघडायला लावा. दुकानदार कुरकुरेल; तरी इंजिनियरला घेऊन जा.

तुझा,
मोहन