काकू, स्तोत्र 88 वाचल्याबद्दल आभार

आदरणीय काकू,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

यजमान गेल्यानंतर आपण मला जो आधार दिलात, त्याबद्दलचे हे आभार मी मुद्दाम उघडपणे लिहीत आहे, कारण ज्यांनी ते वाचायला हवेत असे पुष्कळ जण आपल्या मंडळीत आहेत.

त्यांचे आजारपण लांबले तेव्हा घरी येणाऱ्यांची कमतरता नव्हती. कोणी आम्हांला घरातले लपलेले पाप शोधायला सांगितले, तर कोणी विश्वास कमी पडतो म्हणून प्रार्थना ऐकली जात नाही, असा निवाडाच देऊन टाकला. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र यांच्यापेक्षा बरे म्हणायचे. निदान सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले होते. बिघडले ते त्यांनी तोंड उघडल्यावर, आणि अखेर देवाचा कोप भडकला तोही देवाची बाजू मांडणाऱ्या त्या मित्रांवरच. ईयोब मात्र देवाविषयी यथार्थ बोलला, असे खुद्द देवाने म्हटले.

आपण बायबल उघडलेत तेव्हा पुन्हा ते धीर देणारे तेविसावे स्तोत्र ऐकावे लागणार, असे मला वाटले होते. आपण अठ्ठ्याऐंशीवे वाचलेत. रात्रंदिवस देवाला हाका मारूनही उत्तर न मिळालेल्या माणसाचे ते स्तोत्र शेवटी सांत्वनाकडे वळत नाही, काळोखातच थांबते. ते संपल्यावर आपण घाईने एखादे आशेचे वचन शोधले नाहीत; बायबल मिटलेत आणि माझ्याजवळ बसून राहिलात. एवढेच, पण त्याहून मोठे माझ्यासाठी कोणी काही केलेले नाही. हा आक्रोश शास्त्रातच आहे, तर माझा आक्रोशही प्रार्थना ठरू शकतो, हे मला त्या वेळी उमगले. दफनविधीनंतर त्या रात्री मी प्रथमच प्रार्थना केली. खरे सांगायचे तर देवाशी भांडले.

पंडिता रमाबाईंचे नावही मला धीर धरण्याचा दाखला म्हणून अनेकदा ऐकवण्यात आले. त्यांचे आईवडील दुष्काळात गेले, 1882 मध्ये पती गेले, 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि तरीही 1921 मध्ये मनोरमा ही एकुलती एक मुलगी त्यांच्या हयातीतच गेली. विश्वासाने दुःख टळते असे सांगणाऱ्यांनी हा क्रम एकदा नीट वाचावा. संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते, असे प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात लिहिले खरे, पण पहिल्या पायरीवर बसलेल्या माणसाला शेवटच्या पायरीवरून हाक मारून ते ऐकवू नये, एवढे तारतम्य आपल्याजवळ होते. असा साधा भलेपणा पुलपिटावरच्या उपदेशातून शिकवता येत नसावा.

माझे प्रश्न सुटलेले नाहीत. तरी उपासनेला येते, प्रभुभोजन घेते, आणि पूर्वी पाठ म्हणत असे ती प्रार्थना आता शब्द तोलून म्हणते. पुढच्या वेळी कोणाच्या दुःखाच्या घरी जाल, तेव्हा मला सोबत न्यावे, ही विनंती. मी काही बोलणार नाही.

आपली कृतज्ञ,
मंडळीतील एक भगिनी