भारतरत्न : ठराव आणि नियम

संपादक महोदय,

अमुक व्यक्तीला 'भारतरत्न' द्या, अशा मागणीचे विधानसभांचे ठराव, सह्यांच्या मोहिमा यांचा राजकीय दबाव पडेलही, पण 'भारतरत्न'च्या प्रक्रियेत त्यांना स्थान नाही. पद्म पुरस्कारांसाठी कुणीही नामांकन पाठवू शकतो, त्यांची छाननी समिती करते. 'भारतरत्न'साठी ना अर्ज, ना औपचारिक शिफारशीची गरज; पंतप्रधान थेट राष्ट्रपतींना नाव सुचवतात. वर्षाला कमाल तीन, ही मर्यादा १९९९ मध्ये (चार) आणि २०२४ मध्ये (पाच) ओलांडली गेली. मग ती ठेवायची तरी कशाला? मानकऱ्याला सनद आणि पदक मिळते, रोख रक्कम नाही. फलकांवर 'भारतरत्न अमुक-तमुक' छापणाऱ्या उत्साही मंडळींनी संविधानाचे कलम १८(१) जरूर वाचावे : नावाच्या मागे-पुढे हा सन्मान लावता येत नाही. 'भारतरत्न पुरस्काराचे मानकरी' असे परिचयात लिहिलेले चालते.

– एक वाचक, पुणे