सोडलेल्या दोन ओळी

पुणे
१७ ऑगस्ट

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री फोन ठेवला आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागला नाही. तू विचारलेल्या प्रश्नाला मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसलोय. पत्र लांबेल. वहिनींनाही वाचायला दे.

तुझं म्हणणं थोडक्यात असं: प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीची नोव्हेंबरची बायोप्सी टाळायची, दवाखान्याच्या खेपा बंद करायच्या आणि त्या विक्रेत्याच्या कॅप्सूल सुरू करायच्या. डाळिंबाचा अर्क, हळद, ग्रीन टी आणि ब्रोकोली. महिन्याला साडेचार हजार. "नैसर्गिक आहे रे, गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना? आणि डाळिंब म्हणजे तर आपल्या घरचंच," असं तू म्हणालास.

तू पाठवलेला डबीचा फोटो मी मोठा करून पाहिला. पुढे फोडलेलं लालभडक डाळिंब आहे. मागे, बॅच नंबरच्या वर, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ आहे: औषधी वापरासाठी नाही. ती छापणं कायद्याने बंधनकारक आहे, कारण सरकारदरबारी ही वस्तू अन्न म्हणून नोंदलेली असते. रोगावर गुण येतो हे विकण्याआधी कुणालाही सिद्ध करून दाखवावं लागत नाही. तो माणूस तोंडाने काय वाटेल ते सांगो, डबीवर त्याला हेच छापावं लागलंय.

आता तुझ्याच बागेची गोष्ट. तेल्या रोगाने तुझी अर्धी बाग काळी पडली होती ते वर्ष आठव. दुकानदाराने एक 'सेंद्रिय' फवारा गळ्यात मारला होता. मी तेव्हा तुझ्याकडेच मुक्कामाला होतो. तू पंप पाठीला लावलास आणि विहिरीकडच्या दोन ओळी मुद्दाम सोडल्यास. मी विचारलं, या का सोडल्या? तू म्हणालास, "सगळीकडेच मारलं तर कळणार कसं, औषधाने गेलं की पावसाने उघडीप दिली म्हणून गेलं?" तीन आठवड्यांनी ऊन पडलं, हवा कोरडी झाली आणि त्या दोन ओळीही बाकीच्या बागेइतक्याच सुधारल्या. त्या दुकानात तू पुन्हा पाऊल टाकलं नाहीस.

दत्ता, कॅप्सूलबद्दल मला एवढंच विचारायचंय. यातल्या सोडलेल्या दोन ओळी कुठे आहेत?

डाळिंबाच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं आहे. २००६ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी जेमतेम पन्नास पुरुषांना रोज पेलाभर डाळिंबाचा रस दिला. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन किंवा रेडिएशन झाल्यावर ज्यांचं पीएसए (या आजाराचा अंदाज देणारं रक्तातलं प्रथिन) पुन्हा चढू लागलं होतं, असे हे लोक. आधी त्यांचं पीएसए सरासरी १५ महिन्यांत दुप्पट होत होतं, रस सुरू झाल्यावर त्याला ५४ महिने लागू लागले. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण रस सगळ्यांनाच दिला होता, एकही ओळ सोडली नव्हती. मग दुसरी चाचणी झाली, १८३ जणांची. कुणाला रस, कुणाला अर्क, तर कुणाला रसासारखंच दिसणारं आणि लागणारं नुसतं पेय. कोण काय पितोय ते पिणाऱ्यालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. २०१५ साली निकाल आला. नुसतं पेय पिणाऱ्यांचाही दुप्पट होण्याचा काळ ११ महिन्यांवरून १५ महिन्यांच्या पुढे गेला होता! गटागटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. त्याच वर्षी तिथल्या फेडरल कोर्टाने रस विकणाऱ्या कंपनीच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. सांगोल्याच्या डाळिंबाची चव याने तसूभरही कमी होत नाही. आपल्या फळाला मी कुणाला नावं ठेवू देणार नाही. पण कॅन्सरचं ओझं त्याच्या डोक्यावर देऊ नये.

तुझा विक्रेता "इंग्लंडमध्ये चाचणी झालीय" म्हणतो, तेही खोटं नाही. या चारच पदार्थांच्या गोळीची चाचणी तिथे झाली, १९९ जणांवर, आणि ती नीट केलेली होती. सहा महिन्यांत खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचं पीएसए ७८ टक्क्यांनी चढलं, खरी गोळी घेणाऱ्यांचं १५ टक्क्यांच्या आत राहिलं. हे वाचून मलाही बरं वाटलं होतं. पण कालावधी सहाच महिन्यांचा, आणि मोजलं ते पीएसए. पीएसए हा धूर आहे रे. लघवीच्या त्रासावर देतात त्या फिनास्टेराइडनेही पीएसए निम्म्यावर येतं, म्हणून गाठ निम्मी झाली असं कुणी धरत नाही. आणि तुझ्या डबीत त्या गोळीइतकाच अर्क आहे हे कोण सांगणार? चार नावं सारखी आहेत, एवढंच.

शिवाय तुझा आजार हळू चालणारा आहे. ग्लीसन ६, म्हणजे बायोप्सीत दिसणाऱ्या कॅन्सरची सौम्य पायरी. डॉक्टरांनी तुला ऑपरेशन न सांगता नजरेखाली ठेवलंय, ते उपाय संपले म्हणून ठेवलेलं नाही. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले: ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसतं लक्ष ठेवणं. पंधरा वर्षांनी पाहिलं तर तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेलेले शंभरात तिघांच्या आसपास. म्हणजे तू काहीही घेतलंस, कॅप्सूल घे नाहीतर तुळशीचं पान, पाच वर्षांनी तू बहुधा ठणठणीत असशील आणि श्रेय त्या डबीला जाईल. मात्र नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना पुढे कधीतरी उपचार घ्यावे लागले. त्यांची वेळ कळली ती तपासण्या चालू होत्या म्हणून. तू नेमकं तेच बंद करायला निघालायस.

अपाय नाही म्हणतोस, तर दोन गोष्टी सांगतो. अमेरिकेत आठ वनस्पतींचं एक मिश्रण विकलं जायचं, पीसी-स्पेस नावाचं. स्पेस म्हणजे लॅटिनमध्ये आशा. पीएसए धडाधड उतरायचं, मोठमोठ्या दवाखान्यांत त्याच्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. २००२ साली प्रयोगशाळांनी तपासलं तर त्यात रक्त पातळ करणारं वॉर्फरिन सापडलं, आणि डीईएससुद्धा, जे प्रोस्टेटच्या कॅन्सरवर जुन्या काळापासून देत आलेलं हार्मोनचं औषध आहे. लोक वनस्पती समजून भेसळ गिळत होते. तुझ्या हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. डबीत काय आहे हे माहीत नसताना तू ती त्या गोळीबरोबर घेणार?

दुसरी गोष्ट व्हिटॅमिन ईची. २००१पासून पस्तीस हजारांवर निरोगी पुरुषांवर चाचणी झाली, त्याने प्रोस्टेटचा कॅन्सर टळेल या आशेने. २००८मध्ये गोळ्या थांबवल्या, कारण उपयोग दिसेना. २०११मध्ये पुन्हा हिशेब केला तेव्हा व्हिटॅमिन ई घेतलेल्यांत हा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला.

आता जे तुला कधी पूर्ण सांगितलं नाही ते सांगतो. आमचे दादा, माझे थोरले भाऊ.

दादांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता हे तुला माहीत आहे. दर तीन महिन्यांनी पोटात एक इंजेक्शन असायचं, आणि त्यावर ते छान होते. सकाळी फिरायला जायचे, मंडईतून भाजी आणायचे. कुणीतरी एका चूर्णाबद्दल सांगितलं. पितळी डब्यात यायचं, हिरवट रंगाचं, मेथीसारखा वास. दिवाळीत दादांनी इंजेक्शन बंद केलं. दोन महिन्यांनी रक्त तपासलं तर पीएसए आधीइतकंच खाली. घरात केवढा आनंद झाला! मी स्वतः चार नातेवाइकांना फोन करून त्या माणसाचा पत्ता दिला. मी, आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. शेवटचं इंजेक्शन अजून अंगात काम करतंय, आणि त्याचा असर ओसरायलाही काही महिने जातात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चूर्ण आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होतं. उन्हाळ्यात एके सकाळी दादा पलंगावरून उठायला गेले आणि पाय उचलेनात. मणक्यात गाठ वाढून मज्जारज्जू दाबला गेला होता. पुढचे सात महिने ते अंथरुणावरच होते. पितळी डबा आमच्या वहिनींनी, दादांच्या बायकोने, अजून टाकलेला नाही, आणि त्यांच्या घरी गेलो की मला त्या फळीकडे बघवत नाही.

म्हणून एवढं लिहितोय, रागावू नकोस.

नैसर्गिक पदार्थांची परीक्षाच घेऊ नये असं मी म्हणत नाही. उलट घ्यावी, आपल्याकडे घ्यावी, हळदीची सांगलीतल्या आणि डाळिंबाची सोलापुरातल्या माणसांना बरोबर घेऊन. पण ती तुझ्या बागेसारखी, ओळी सोडून. देशात कुठलीही चाचणी करायची तर आधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत तिची नोंद व्हावी लागते. त्या माणसाला तेवढा नोंदणी क्रमांक विचार. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून गोळीचे पैसे घेत नाहीत, आणि त्याच्या तपासण्या तर मुळीच थांबवत नाहीत.

तुला कॅप्सूल घ्यायच्याच असतील तर मी हात धरणार नाही. पण डबी घेऊन आधी तुझ्या डॉक्टरांकडे जा, स्टेंटवाल्या आणि प्रोस्टेटवाल्या दोघांकडे. आणि नोव्हेंबरची तारीख हलवू नकोस. गेल्या वेळी तुला किती त्रास झाला ते वहिनींनी मला सांगितलंय. नंतरचे दोन दिवस लघवीतून रक्त, ताप येतो की काय ही धास्ती, हे सगळं तू एकट्याने सोसलंस. भीती वाटते हे तू मला फोनवर सांगितलं नाहीस, पण मला कळलं. एमआरआय आधी करून बायोप्सी पुढे ढकलता येईल का, हे डॉक्टरांना सरळ विचार. विचारायचा तुला हक्क आहे.

तारीख कळव. मी आदल्या रात्रीच्या गाडीने येतो. फाइल मी धरीन, आत जाईपर्यंत तुझ्याशेजारी बसेन आणि घरी आल्यावर दोन दिवस राहीन. मृग बहाराची फळं तोवर रंगावर आलेली असतील, ती झाडाखालीच फोडून खाऊ.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझाच,
शरद