बाबा, तुम्ही फोनवर "छान छान" म्हणालात

ग्योटिंगन, 14 सप्टेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न.

मागच्या रविवारी मी केवढा धीर करून फोनवर सांगितलं, की इथलं काम आणखी तीन वर्षांसाठी घेतलंय, सहीसुद्धा केली. त्यावर बाबा म्हणाले, "छान छान, इकडेही कालपासून रिपरिप चालू आहे." मी हसले, फोन ठेवला आणि मग थोडी रडले. म्हणून हे पत्र. पोस्टात जन्म घालवलेल्या माणसाला कागदावरचं तरी नीट पोचेल.

तर, तीन वर्षं. आई, लगेच पदर शोधू नकोस. दर डिसेंबरात येणार आहे, तिकिटाचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. मागच्या वेळीही "दोनच वर्षं" म्हटलं होतं, माहीत आहे मला. पण खोली उबदार आहे, तूरडाळ मिळते, पोळ्या आता गोल होतात, सायकलवर दहा मिनिटांत कामावर पोचते. नंदूकाकांसारखं माझं होणार नाही, ते दोघांनीही मनातून काढा.

आई, तू विचारलं होतंस, गणपतीच्या वाहनाला कसला गं त्रास देतेस? अगं, माझे उंदीर जन्मतःच बहिरे. टाळी वाजवली की साध्या उंदराचे कान चटकन मागे फडकतात, हे आपले दाणा कुरतडत बसलेले. आणि कान पाहावा तर पडदा ठीक, हाडं ठीक, आवाजाने आतल्या केसपेशी जाग्यासुद्धा होतात. मग पेशीने ग्लुटामेट नावाचं रसायन चिमुकल्या पिशव्यांतून मज्जातंतूवर सोडायचं असतं, तेव्हा कुठे मेंदूला कळतं. घोटाळा तिथे आहे. बाबा, तुमच्या भाषेत सांगते. एका जातीच्या उंदरात पाकिटं सुटतात, पण रिकामी; आत ग्लुटामेट भरणारं प्रथिनच नाही. दुसऱ्या जातीत पाकिटं भरलेली, पण ती टाकणारा शिपाईच गैरहजर. त्या शिपायाचं नाव ओटोफर्लिन.

पहिल्या जातीच्या उंदरांच्या कानात ते हरवलेलं जनुक निरुपद्रवी विषाणूबरोबर सोडलं आणि त्यांना ऐकू यायला लागलं, हे 2012 मध्येच झालं. ओटोफर्लिनचं जनुक त्या विषाणूत मावत नाही इतकं लांब. त्याचे दोन तुकडे करून दोन विषाणूंतून पाठवतात, पेशीत गेल्यावर ते जुळतात. 2024 च्या सुरुवातीला चीनमधल्या सहा मुलांवरच्या उपचाराची बातमी आली, त्यातल्या पाच जणांना ऐकू येऊ लागलं होतं. आता तुम्हीच सांगा, हे अर्ध्यावर टाकून कशी येऊ?

खरं सांगायचं तर बाबा, यातलं तुमच्या उपयोगाचं आज काही नाही. जगभरच्या उंदरांचे कान तपासते आणि घरच्या माणसाचा कान तसाच, ही टोचणी मला आहेच. तुमचा शिपाई शाबूत आहे, पेशी थकल्यात. मेंदूपर्यंत आवाज पोचवणाऱ्या पेशी माणसाच्या एका कानात साधारण 3,500, आणि गेलेली पुन्हा उगवत नाही. उंच, बारीक आवाज आधी जातात. कुकरची शिट्टी जाते, "स" आणि "श" गळतात. आई, ते मुद्दाम दुर्लक्ष करतात असं जागृतीबेनना सांगत जाऊ नकोस. त्यांना शब्द अर्धाच पोचतो.

बाबा, कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाच्या सांगाड्यापाशी मी घाबरून किंचाळले, तेव्हा तुम्ही वाकून माझ्या कानात म्हणालात, "हळू, झोपलाय तो." अजून कुठे मोठा सांगाडा दिसला की मी हळू बोलते. इथले लोक हसतात.

तर कानाच्या मशीनचे पैसे मी भरून टाकलेत. विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असता. मागच्या वेळी त्या दुकानदाराने तपासणी न करताच गळ्यात मारलं, ते शिट्ट्या मारत राहिलं आणि कपाटात गेलं. त्यात तुमची चूक नव्हती. या वेळी आधी नीट तपासणी, मग तिच्या आलेखाप्रमाणे मशीन. तारीख आईला कळवते, तिने बरोबर जायचंच. सुरुवातीला घरीच दोन-दोन तास घाला. ताटल्यांचा आवाज अंगावर येईल, तरी काढू नका. आंघोळीला मात्र काढायचं. कानात कोमट तेल नाही, स्कूटरची किल्ली तर अजिबात नाही! आणि नवरात्रात गरब्याच्या स्पीकरशेजारची खुर्ची सोडा, मागे बसा. मोठ्या आवाजाने पेशी वाचली तरी तिच्याशी जुळलेले तंतू तुटतात, हे उंदरांत पाहिलंय. रागावू नका, काळजीपोटी बोलते.

आई, गुडघ्याचं औषध संपत आलं असेल.

तुमची,
चिमू

ता. क. माझी खोली जागृतीबेनच्या भाच्याला द्यायची असेल तर खुशाल दे. तीन वर्षं रिकामी कशाला ठेवायची? फक्त खिडकीतला ट्रान्झिस्टर हलवू नकोस. आणि बाबा, यावर फोन करू नका, चार ओळी लिहा.