मंगलला पत्र: केस आणि दुकानातली नोकरी

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, दुपार

प्रिय मंगे,

दिवाळीपासून तुला धड काही लिहिलेलं नाही. शिव्या साठवून ठेवल्या असशील, त्या उत्तरात घाल. तब्येत बरी. बीपीची गोळी चालू, गुडघे कुरकुरतात, सुधीर कुरकुरतो. संपलं.

आज बसले ते तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपमुळे. लॉक्सवाल्या, म्हणजे मुद्दाम पिळून पक्क्या केलेल्या बटा ठेवणाऱ्या मुलीबद्दल मी दोन ओळी काय लिहिल्या, तुझं लगेच उत्तर, "जट आहे ती. कापून टाकायला सांग. आम्ही इथे फुकट कापतो." अगं बाई! इतकी वर्षं तू बायकांच्या डोक्यावरचे जट सोडवत गावोगाव फिरतेस, म्हणून तर तुला सांगायला घेतलं होतं. बाकीच्यांना सांगायला जावं तर "केसांवरून कुठे नोकरी अडते का" इथेच गाडी थांबते.

प्रकार एवढाच. एका कपड्यांच्या दुकानात पार्टटाइम विक्रीची जागा होती. मुलगी कृष्णवर्णीय, खांद्याखाली येणारे लॉक्स, याच कामाचा आधीचा अनुभव. मुलाखतीच्या कागदावर बाकीचे रकाने उत्तम आणि "दिसणं" या रकान्यात कमी गुण. समोर मॅनेजरचा शेरा, "अजून नीटनेटकी हवी." जागा दुसरीला गेली. असे कागद तपासणं हेच माझं काम, म्हणून तो माझ्या टेबलावर आला. ती मॅनेजर वाईट बाई नाहीये गं. तिला लॉक्स दिसले आणि "विंचरलेले नाहीत" असं वाटलं. तुलाही नेमकं तेच वाटलं, आणि तू तर या विषयातली जाणकार!

आता शांतपणे वाच. तुमच्याकडे येते त्या बाईला कुणीतरी देवीचं सांगितलेलं असतं. मग तेल बंद, फणी बंद, धुणं बंद, आणि गुंत्याचा एकच लगदा. मानेवर ओझं, आत उवा आणि जखमा. नंदिनीताई जाधवांसारख्या कार्यकर्त्या ते कापतात तेव्हा त्या बाईची सुटकाच होते. त्यात माझा वाद नाही.

लॉक्सची सुरुवात धुतलेल्या केसांवर होते. टाळूवर रेघा पाडून छोटे छोटे चौकोन आखतात. चौकोन केवढा, त्यावर लॉक पुढे किती जाड होणार ते ठरतं. मग एकेका चौकोनातली बट कंगव्याच्या शेपटीने एकाच दिशेने पिळायची किंवा दोन पदरी पीळ घालायचा, वर क्लिप, आणि ड्रायरखाली पूर्ण वाळेपर्यंत बसायचं. पक्के व्हायला सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत जातं. या मधल्या काळात ते फुगतात, पिसारतात, कुठून कुठून तंतू बाहेर येतात. मुलाखतीत सगळ्यात जास्त मार याच टप्प्यावरच्या मुली खातात. मुळाशी नवे केस येतात ते दर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा पिळायचे. त्याहून घाई केली तर मुळं पातळ होतात आणि कपाळाच्या कडेचे केस जातात. आठवड्या-दोन आठवड्यांनी डोकं धुवायचं, आणि खरी मेख वाळवण्यात. आत ओल राहिली की कुबट वास धरतो. मेण लावणाऱ्यांचे हाल वेगळेच. ते धुऊन निघत नाही आणि कपड्यांचे सगळे तंतू पकडून ठेवतं.

अस्वच्छ लॉक्स असतात का? असतात. तेलकट बॉबकटही असतो. वास येत असेल तर मॅनेजरने वास लिहावा, केसांची घडण कशाला लिहायची?

आणि "कापून टाक" इतकं सोपं का नाही, तेही ऐक. पक्का झालेला लॉक उलगडायचा तर भरपूर कंडिशनर, सुई किंवा कंगव्याचं टोक, आणि दिवसच्या दिवस. बहुतेकींना शेवटी कात्रीच लावावी लागते. म्हणजे तासाला काही डॉलर देणाऱ्या कामासाठी कित्येक वर्षांचे केस द्यायचे. अलाबामातल्या मोबील शहरात २०१० साली चॅस्टिटी जोन्स या बाईला फोनवर ग्राहकांशी बोलायची नोकरी मिळाली होती. लॉक्स काढणार नाही म्हणाली, नोकरी परत घेतली. तिथली एचआरवाली म्हणाली की हे पुढे विस्कटतात, तुझे तसे आहेत असं नाही, पण मला काय म्हणायचंय ते कळतंय ना. बघ, फोनवरच्या कामाला! सरकारचा रोजगार समानता आयोग तिच्या बाजूने लढला आणि २०१६ मध्ये अकराव्या सर्किट कोर्टात, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या खालच्या केंद्रीय अपील कोर्टात, हरला. कोर्टाचं म्हणणं, त्वचेचा रंग बदलता येत नाही, केशरचना येते, त्यामुळे हा वंशभेद होत नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण हाती घ्यायलाच नकार दिला. हा युक्तिवाद १९८१ पासूनचा. अमेरिकन एअरलाइन्सच्या रेनी रॉजर्सने घट्ट वेण्यांसाठी दावा लावला, तेव्हा न्यायाधीशांनी निकालात बो डेरेक या गोऱ्या नटीचं उदाहरण दिलं, की नुकतीच तिने अशा वेण्या घातल्यावर त्यांची लाट आली!

बदलता येते म्हणतात ना, तर बदलायला काय लागतं ते बघ. कृष्णवर्णीयांच्या कुरळ्या केसाचा छेद चपटा असतो आणि तो जागोजागी वळतो. टाळूचं तेल टोकापर्यंत उतरत नाही, केस कोरडा राहतो आणि वळणावर तुटतो. सरळ करायचे दोन रस्ते. एक, तापलेली इस्त्री, साधारण १९० ते २३० अंश सेल्सिअस. घाम आला, पाऊस आला की परत कुरळे, आणि तापमान चुकलं तर ते कुरळेपण कायमचं गेलं. (तू होस्टेलवर माझ्या केसांवर सरळ कपड्यांची इस्त्री फिरवली होतीस. करपलेला वास अजून आठवतो. माफ केलेलं नाही.) दुसरा रस्ता रिलॅक्सर, म्हणजे कॉस्टिक सोडा किंवा त्याचा भाऊबंद, पीएच १२ च्या पुढे. टाळूला आधी व्हॅसलीन, मग मलम, पाव तासाच्या आसपास ठेवून धुवायचं आणि न्यूट्रलायझिंग शाम्पू. आदल्या दिवशी डोकं खाजवलेलं असेल तर तिथे फोड. आधी लावलेल्या भागावर पुन्हा लागलं तर केस मोडून हातात. आणि दर सहा-आठ आठवड्यांनी मुळांना परत तेच. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा ३३,४९७ बायकांचा अभ्यास आला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरलेल्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा अंदाज १.६४ टक्के, वर्षात चारहून जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये ४.०५. त्यातून कारण सिद्ध झालं असं कुणी म्हणत नाही. पण "नोकरीसाठी जरा सरळ करून ये" हा सल्ला मी आता कुणालाही देणार नाही.

तिसरा रस्ता शिवलेले केस. स्वतःच्या केसांच्या डोक्यालगत वेण्या घालायच्या आणि त्यावर विकतच्या केसांच्या पट्ट्या सुईदोऱ्याने टाचायच्या. एका जुडीत साधारण शंभर ग्रॅम, पूर्ण डोक्याला तीन जुड्या. हे केस येतात कुठून? त्यातले कितीतरी तिरुपतीहून! देवस्थान लिलाव करतं, व्यापारी धुऊन प्रतवारी लावतात, निर्यात होते. तुझ्या आजेसासूबाईंनी नवसाला दिलेले केस घालून इथे कुणीतरी मुलाखत देऊन पास झालेली असेल. बालाजी पावला म्हणायचा, फक्त भलतीला.

तुला वाटेल हे जुनं झालं. २०१६ मध्ये कॅनडात झाराच्या एका दुकानात मॅनेजरांनी मुलीच्या बॉक्स ब्रेड्सवर, म्हणजे चौकोन आखून घातलेल्या बारीक वेण्यांवर, आक्षेप घेतला. २०१७ मध्ये न्यूयॉर्कजवळ व्हाइट प्लेन्सला बनाना रिपब्लिक या कपड्यांच्या दुकानाच्या मॅनेजरने तशाच वेण्यांना "अर्बन" (इथे हा आडून कृष्णवर्णीयांना लावायचा शब्द) आणि अव्यवस्थित म्हटलं, आणि काढल्या नाहीत तर शिफ्ट लावता येणार नाही असं सांगितलं. ती म्हणत होती की थंडीत केस तुटू नयेत म्हणूनच या वेण्या. तिने फेसबुकवर लिहिलं, बोभाटा झाला, मॅनेजर गेला. शिफ्टची खोच ध्यानात घे. दुकानात कुणाला काढावं लागत नाही, आठवड्याचे तास शून्य केले की माणूस आपोआप जातो. आणि या दोघी निदान आत होत्या. जिला घेतलंच नाही तिला कोण सांगणार? तिला "दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे" अशी मेल येते, बस्स.

कायदा आहे. कॅलिफोर्नियाने ३ जुलै २०१९ ला केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन कायदा केला, आमच्या न्यू जर्सीने त्याच वर्षी १९ डिसेंबरला. बरोबर एक वर्ष आधी इथे एका शाळकरी पैलवानाला पंचाने लॉक्स काप नाहीतर कुस्ती सोड म्हणून मॅटजवळच कापायला लावले होते. आता वंश या शब्दात केसांचा पोत आणि वेण्या, लॉक्स, पीळ हे सगळं येतं. पंचवीसहून जास्त राज्यांत असे कायदे झाले. देशपातळीवर प्रतिनिधीगृहात २०२२ च्या मार्चमध्ये २३५ विरुद्ध १८९ ने पास झाला आणि सिनेटमध्ये अडकला. ही मोहीम पुढे नेणाऱ्यांत डव्ह साबण आहे, म्हणजे युनिलिव्हर, म्हणजे आपल्याला २०२० पर्यंत फेअर अँड लव्हली या नावाने क्रीम विकणारे तेच. हस की!

दुकानदारांचा आवडता बचाव असतो "ब्रँडची प्रतिमा". तो चालत नाही. धर्म, लिंग याबाबत कामाची खरी गरज म्हणून कायद्यात क्वचित सूट आहे, वंशाबाबत ती मुळातच नाही. गिऱ्हाइकाला आवडत नाही हेही कारण होत नाही. अ‍ॅबरक्रॉम्बी या कपड्यांच्या कंपनीने विक्रेत्यांना "मॉडेल" म्हणून बघितलं, २००४ मध्ये भेदभावाच्या दाव्यात ४ कोटी डॉलरची तडजोड केली, आणि तरी पुढे ओक्लाहोमात हिजाबवाल्या मुलीला नाकारून २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टात ८ विरुद्ध १ असा मार खाल्ला. त्या प्रकरणातला कागद मला पाठ आहे. मुलाखत घेणारीने दिसण्याला तीनपैकी दोन दिले होते. वरच्या साहेबाने सांगितल्यावर दोनाचा एक झाला आणि मुलगी गळली.

माझा जीव अडकलाय तो याच रकान्यात. तिथे वाईट शब्द लागत नाही, एक आकडा पुरतो. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या रोझेट आणि मिशिगन स्टेटच्या कोव्हल या दोघींचा अभ्यास आला. नैसर्गिक केसांच्या कृष्णवर्णीय उमेदवार कमी व्यावसायिक ठरवल्या गेल्या, मुलाखतीची शिफारसही कमी झाली. जिथे पोशाखाचे नियम कडक, तिथे हे जास्त. मग कपड्यांच्या दुकानात, जिथे सगळं दिसण्यावरच विकलं जातं, तिथे काय होत असेल!

म्हणून मी लिहितेय की तो रकानाच काढा. त्याऐवजी कामाचं विचारा. गिऱ्हाईक चिडलं तर काय कराल, साइज संपली तर काय सुचवाल, सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने. गुण मुलाखत संपताच, दोघांनी वेगवेगळे, पेनाने. नंतर कुणी बदलला तर नाव, वेळ आणि कारण त्याच कागदावर. कागद एक वर्ष फाडायचा नाही, हा कायदाच आहे, आणि तक्रार झाली तर निकालापर्यंत. पोशाखाच्या नियमांत "नीटनेटके", "टोकाची केशरचना" असले शब्द नकोत. स्टॉकरूममध्ये यंत्राजवळ केस बांधा एवढं चालेल, पण मग ते सोनेरी पोनीटेललाही लागू. "लांबी" शब्द घालताना तर दहादा विचार करायचा. टेक्सासात २०२३ मध्ये क्राउन कायदा आला, आणि २०२४ मध्ये एका कोर्टाने म्हटलं की शाळेने लॉक्सची लांबी मोजली तर त्या कायद्याचा भंग होत नाही. पळवाट इंचात सापडली.

त्या मुलीला मी स्वतः काही सांगू शकत नाही, कंपनीची माणूस पडले. पण कुणी विचारलं तर हे सांगेन. तारीख आणि नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेव, कारण मेलवर विचार, मेसेज पुसू नकोस. राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवसांत, केंद्राच्या आयोगाकडे इथे ३०० दिवसांत, थेट राज्याच्या कोर्टात दोन वर्षांत. केंद्राचा कायदा १५ किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या मालकाला लागतो, न्यू जर्सीचा एका माणसाच्या दुकानालाही. बहुतेक मुली १८० दिवस "माझंच काहीतरी चुकलं असेल" यात घालवतात.

आता तुझं काम. मॅनेजरांच्या प्रशिक्षणासाठी एक पान हवंय. तू जट असलेल्या बाईचं डोकं बघतेस तेव्हा पहिल्यांदा काय तपासतेस, वास, उवा, टाळूची जखम, वजन, हे क्रमाने लिहून पाठव. डोकं आजारी आहे की नुसतं आपल्यापेक्षा वेगळं आहे, हे तुझ्याइतकं कुणाला सांगता येणार नाही. आणि लॉक्सचे फोटो पाठवते, ते आधी नीट बघ, मग भांड.

सोनालीचं जमलं म्हणे? मुलगा काय करतो ते तू सोडून सगळ्यांनी सांगितलं. दादांचा दुसरा डोळा कधी? फ्लॅटचा ताबा मिळाला का अजून बिल्डर गोड बोलतोय? आईंना नमस्कार. मेथीचे लाडू सुधीरच्या भाच्याबरोबर पाठवशील तर डिंक कमी घाल, मागच्या वेळी दात हलला होता.

तुझीच,
शुभा